टेकडीनं खाल्लेले २३ डेसिबल

एक्सटीसीच्या शेवटच्या वर्षाला वायरलेस कम्युनिकेशनचा पेपर असतो. इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन असं ब्रँचचं लांबलचक नाव, पण अमरावतीकडे सगळे एक्सटीसीच म्हणतात. हा पेपर बहुतेक जण मागच्या प्रश्नपत्रिकांवर काढतात. षटकोनांची आकृती, हँडओव्हरचे प्रकार, जीएसएमचा ब्लॉक डायग्राम आणि चार ठरलेली गणितं पक्की केली की निघून जातो. मला मात्र या विषयानं वर्षभर धरून ठेवलं. त्याला कारण माझं गाव.

गाव पुसद तालुक्यात, पूस नदीच्या खोऱ्यात. जवळचा मोबाईल टॉवर तालुक्याच्या रस्त्याला, आमच्यापासून सरळ रेषेत सहा किलोमीटर. मधे एक टेकडी, टेकडीवर साग. आमच्याकडे रेंज जागेवर ठरते. शाळेची मागची भिंत, मारुतीच्या पाराचं पूर्वेकडचं टोक आणि आमच्या वावराचा वरचा धुरा, या जागा लहान पोरांनाही माहीत. बँकेचा ओटीपी यायचा असला की माणूस पाराकडे निघतो. ई-पीक पाहणी, पीक विम्याचा फॉर्म, पोरांचे निकाल, सगळं त्या पाराच्या टोकावर. लॉकडाउनमध्ये शाळा फोनवर आली तेव्हा वरच्या धुऱ्यावर पोरं ओळीनं बसायची आणि तुरीतली माणसं त्यांना ऊन लागतं म्हणून दुपट्टे नेऊन द्यायची.

रेंज तिथंच का येते, हे कोणी विचारत नव्हतं. विहिरीला पाणी कुठं लागतं हे जसं माहीत असतं, तसंच हे माहीत होतं. उत्तर मला सातव्या सेमिस्टरला मिळालं, रेडिओ प्रोपगेशनच्या, म्हणजे लहरी कशा पसरतात त्याच्या युनिटमध्ये.

त्या युनिटची सगळी मदार डेसिबलवर आहे. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. लॉगरिथम बारावीत भेटलं ते टेबल बघून उत्तर काढण्यापुरतं. इथं त्याचा उपयोग कळला. डेसिबलमध्ये गुणाकाराची बेरीज होते. ३ डीबी वाढले की ताकद दुप्पट, १० वाढले की दहापट, २० वाढले की शंभरपट. एक मिलिवॉट म्हणजे शून्य डीबीएम. टॉवरचा ४० वॉटचा ट्रान्समीटर ४६ डीबीएमवर असतो, आणि फोन उणे ११० डीबीएमवरही तग धरतो. उणे ११० म्हणजे एका मिलिवॉटचा शंभर अब्जावा भाग. इतक्या बारीक ताकदीतून माणसाचा आवाज ओळखू येईल असा परत उभा करतात, हे पहिल्यांदा नीट कळलं त्या दिवशी मी होस्टेलवर जेवताना मैत्रिणींना तेच सांगत बसले होते.

फोनच्या दांड्यांवर जाऊ नका, हे सरांचं पहिलं सांगणं. किती डीबीएमला किती दांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारा ठरवतो, त्यामुळे एकाच जागी एका फोनवर तीन दांड्या आणि दुसऱ्यावर एक असं होतं. खरा आकडा बहुतेक अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्येच असतो, अबाउट फोनमध्ये जाऊन सिम स्टेटस उघडायचं. तिथं उणे ८५, उणे १०४ असं काहीतरी दिसतं. एलटीईत, म्हणजे ४जीत, हा आकडा आरएसआरपीचा, म्हणजे टॉवरच्या एका सबकॅरियरच्या ताकदीचा; टॉवरचा पट्टा ज्या बारीक उपपट्ट्यांत वाटलेला असतो त्यातला एक म्हणजे सबकॅरियर.

प्रोजेक्टला आम्ही तिघी होतो. एक दारव्ह्याची, एक वरुडच्या संत्राबागवाल्यांची, आणि मी. ड्राइव्ह टेस्टची, म्हणजे फिरत सिग्नल मोजण्याची, खरी किट फार महाग असते, कॉलेजकडे नव्हती. सर म्हणाले, फोन हेच तुमचं इन्स्ट्रुमेंट, पण ते इन्स्ट्रुमेंटसारखं वापरा. म्हणजे सगळी मोजणी एकाच फोननं, एकाच सिमवर, फोन एकाच उंचीवर आणि एकाच पद्धतीनं धरून. हाताची पकड बदलली तरी आकडा काही डीबीनं हलतो, हे आम्ही कॉलेजच्या गच्चीवर आधी बघून घेतलं. मग जीपीएसच्या ठिकाणासकट आरएसआरपी नोंदवत जाणारं एक फुकटचं ॲप टाकलं आणि आमच्या गावी आलो.

पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी की एका जागी उभं राहून घेतलेल्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. फोनपर्यंत लहर एका वाटेनं येत नाही. काही टेकडीवरून वाकून येते, काही टिनाच्या पत्र्यावरून, काही पाण्याच्या टाकीवरून, काही समोरच्या उतारावरून. या वाटांची लांबी वेगवेगळी, म्हणून लहरी कुठं एकमेकींना जोर देतात आणि कुठं मारून टाकतात. ९०० मेगाहर्ट्झला तरंगलांबी ३३ सेंटिमीटर. म्हणजे वीतभर हात सरकवला की जोराच्या जागेवरून मेलेल्या जागेवर जाता येतं. पुस्तकात याला रेले फेडिंग म्हणतात आणि त्यावर दोन पानांचं डेरिव्हेशन आहे. आमच्या घरी आजीनं खिडकीच्या गजाला सुतळीनं एक पिशवी बांधलेली आहे, फोन त्या पिशवीतच ठेवायचा, दोन गज इकडे चालत नाही. मी त्या खिडकीत फोन हळूहळू सरकवत आकडे लिहून घेतले. पिशवीच्या जागी आकडा सगळ्यात चांगला होता, तिच्या डाव्या अंगाला वीतभरावर जवळपास १५ डीबीनं खाली. ते डेरिव्हेशन मी त्या दिवसानंतर कधी विसरले नाही.

मग करायचं काय, तर चालत राहायचं आणि सरासरी काढायची. मोबाईल रेडिओवर काम केलेल्या विल्यम ली यांचा एक नियम आहे: साधारण ४० तरंगलांब्यांवर सरासरी घ्यावी, म्हणजे फेडिंगचे चढउतार पुसले जातात आणि जागेची खरी ताकद उरते. ९०० मेगाहर्ट्झला हे अंतर १३ मीटर येतं. आम्ही पांदण, बैलगाडीची वाट, धुरे असं चालत तेरा-तेरा मीटरचे तुकडे पाडले. पऱ्हाटी वेचणीला आली होती, बाया वेचत होत्या, आणि आम्ही फोन छातीशी धरून एका चालीनं धुऱ्यावरून जाणाऱ्या पोरी. विहिरीजवळ शेजारच्या वावरातले काकाजी भेटले.

"काय करून राह्यल्या वं बाई?"

"रेंज मोजून राह्यलो काकाजी."

"मोजून काय होते? हाये का नाही येवढं सांग."

मी म्हटलं, तुमच्या विहिरीजवळ उणे एकशे अठरा आहे, आणि वरच्या धुऱ्यावर उणे शंभर. वर साठपटीहून जास्त ताकद आहे.

"मंग मी उगाच नाही वर चढत," काकाजी म्हणाले. आणि लगेच पुढं, "पण पावसाळ्यात थेही नाही भेटत. सागाले पानं आले का गेलं."

ही गोष्ट आमच्या आराखड्यात नव्हती. सरांना फोन करून विचारलं तर त्यांनी सांगितलं की झाडोऱ्यातून जाताना सिग्नल घटतो, पानं ओली असली की आणखी, कारण पाणी या लहरी शोषतं; आणि जितकी वारंवारता जास्त तितकी घट जास्त. सागाचं पान हातभर मोठं. उन्हाळ्यात साग उघडाबोडका असतो, जूनमध्ये पालवतो आणि नेमका तेव्हाच पाऊसही सुरू होतो. आम्ही टेकडीच्या पायथ्याची एक वाट ठरवून ठेवली आणि तीच वाट पुढं उन्हाळ्यात आणि पहिल्या पावसानंतर पुन्हा चाललो. फरक स्पष्ट होता, दर वेळी त्याच दिशेनं. काकाजींचं निरीक्षण प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये स्वतंत्र कलम म्हणून गेलं, त्यांचा उल्लेख करून.

आता गणित. माझ्या मते हा प्रोजेक्टचा सगळ्यात चांगला भाग आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते. पुढच्या पोरांना उपयोगी पडेल. कंपनी आपल्या टॉवरचे आकडे देत नाही, म्हणून नेहमीचे धरले. ४० वॉट म्हणजे ४६ डीबीएम. १० मेगाहर्ट्झच्या एलटीई कॅरियरमध्ये १५ किलोहर्ट्झचे ६०० सबकॅरियर असतात, ताकद त्यांच्यात वाटली जाते, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १८ डीबीएम. अँटेनाचा गेन, म्हणजे ताकद एका दिशेला एकवटल्यानं होणारी वाढ, १६ डीबी धरला की ३४. इथून घट वजा करत जायची.

मोकळ्या अवकाशात ९०० मेगाहर्ट्झला सहा किलोमीटरवर १०७ डीबी जातात. म्हणजे आमच्या वावरात उणे ७३ यायला हवं होतं. तसं येत नाही, कारण जमीन आहे, झाडं आहेत आणि फोन जमिनीपासून जेमतेम दीड मीटर वर आहे. त्यासाठी ओकुमुरा आणि हाता यांचं मॉडेल वापरतात. ओकुमुरांनी जपानमध्ये टोकियोच्या परिसरात केलेली मोजमापं १९६८ साली प्रसिद्ध केली, आणि हाता यांनी १९८० साली त्या आलेखांची सूत्रं बनवली. सूत्रात शहर, उपनगर आणि मोकळा मुलूख असे वेगवेगळे हिशेब आहेत. टॉवर ४० मीटर उंच धरून शहराची घट १५१ डीबी येते, मोकळ्या मुलखाची १२३. जपानमध्ये केलेली मोजणी इतक्या वर्षांनी पुसदच्या शिवाराला लावता येते याचं मला अजून कौतुक वाटतं. त्या हिशेबानं आमच्याकडे ३४ वजा १२३, म्हणजे उणे ८९ यायला हवं. उणे ८९ वर व्हिडिओ कॉल आरामात होतो.

गावात मोजलेली सरासरी मात्र उणे ११० ते उणे ११४ च्या मधे. मधले तेवीसेक डीबी कुठं गेले?

टेकडीकडे. धारदार अडथळ्यावरून लहर वाकते, त्याला नाइफ एज डिफ्रॅक्शन म्हणतात. टॉवरच्या टोकापासून फोनपर्यंत मनानं दोरी ताणायची आणि टेकडीचा माथा त्या दोरीच्या किती वर येतो ते बघायचं. माथा दोरीला नुसता घासला तरी ६ डीबी जातात, म्हणजे ताकद पावपट उरते. आमची टेकडी टॉवरपासून पाच किलोमीटरवर आणि गावापासून एकावर. समोच्च रेषांच्या नकाशावरून माथा दोरीच्या सुमारे ४० मीटर वर निघाला. सूत्रात घातलं: साडेतेवीस डीबी. ८९ मध्ये मिळवले की ११२.

खरं तर हाता यांच्या मॉडेलनं काढलेल्या घटीत टेकडीची घट अशी सरळ मिळवणं हा कामचलाऊ हिशेब आहे, टेकडी काही सुरीची धार नसते आणि आमचे धरलेले आकडेही इकडचे तिकडे होऊ शकतात. पण कागदावरचं उत्तर आणि वावरातलं उत्तर इतकं जवळ आलं तेव्हा आम्ही तिघी होस्टेलच्या जिन्यात उभ्या राहून तो कागद परत परत तपासत होतो. वरचा धुरा चांगला का, तेही त्याच सूत्रात निघालं. धुरा टेकडीपासून लांब आणि उंचावर आहे, दोरी वर उचलली जाते, माथ्याचा अडथळा कमी उरतो. काकाजींची विहीर टेकडीच्या कुशीत आहे.

गावातलं आणखी एक गाऱ्हाणं होतं: रेंज दाखवते, आपल्याला समोरच्याचं ऐकू येतं, पण त्याला आपलं ऐकू जात नाही. हे लिंक बजेटमध्ये, म्हणजे ताकदीच्या जमाखर्चात, लख्ख दिसतं. टॉवर ४६ डीबीएमनं बोलतो, ४जी फोन २३ डीबीएमनं. म्हणजे ४० वॉटच्या समोर २०० मिलिवॉट. टॉवरकडे मोठ्या अँटेना आणि चांगला रिसीव्हर असतो, फोनही आपली ताकद थोड्या सबकॅरियरवर एकवटतो, त्यामुळे बरीच भरपाई होते; पण सेलच्या, म्हणजे एका टॉवरच्या मुलखाच्या, काठावर आधी फोनचा आवाज तुटतो. दांड्या फक्त येणाऱ्या सिग्नलच्या असतात. गावातली जुनी माणसं सांगतात की साधा बटणांचा फोन जास्त रेंज पकडायचा. तेही बरोबर आहे. ९०० च्या जीएसएम, म्हणजे २जी, फोनला २ वॉटपर्यंत परवानगी होती, दहापट. आणि वावरात बॅटरी लवकर उतरते त्याचंही कारण हेच, टॉवर लांब असला की फोन पूर्ण जोरानं बोलत राहतो.

जीएसएमचं नाव निघालं म्हणून सांगते. आजोबांच्या रेडिओजवळ फोन ठेवला की कॉल यायच्या आधी रेडिओतून टर्र-टर्र आवाज यायचा आणि आजोबा घंटी वाजायच्या आतच म्हणायचे, फोन आला. जीएसएमची फ्रेम ४.६१५ मिलिसेकंदांची, तिचे आठ भाग, आपल्या फोनला त्यातला एक. म्हणजे फोन सेकंदाला २१७ वेळा चालू-बंद होतो, आणि रेडिओत ऐकू येते ती हीच २१७ हर्ट्झची थरथर. वर्गात हे गणित फळ्यावर निघालं तेव्हा मला तो आवाज ऐकू आला.

टॉवर जवळून बघायला मिळाला तो तिथल्या टेक्निशियन दादांमुळे. कुंपणाच्या आत चढू दिलं नाही, तेही योग्यच, पण खालून सगळं समजावून सांगितलं. टॉवरवर तीन सेक्टर, प्रत्येकाकडे १२० अंशांचा वाटा. एक सेक्टर पुसदकडे, एक रस्त्याच्या दुसऱ्या दिशेला, एक मोठ्या गावाकडे. आमचं गाव दोन सेक्टरांच्या बरोबर मधल्या फटीत. अँटेनाचा झोत साधारण ६५ अंशांचा असतो, दोन झोतांच्या मधे ताकद आठ-दहा डीबीनं पडू शकते. आम्ही गेन १६ धरला होता तो झोताच्या मध्याचा, म्हणून रिपोर्टमध्ये या शक्यतेचा वेगळा हिशेब जोडला. गोल पांढरं भांडं म्हणजे मायक्रोवेव्हचं, पुढच्या टॉवरशी जोडणारं. खोलीत ४८ व्होल्टच्या बॅटऱ्या, बाहेर डिझेल जनरेटर. पावसाळ्यात लाइन दिवसभर गेली की बॅटऱ्या बसतात, डिझेल पोचायला वेळ लागतो, आणि मग सगळा पट्टा गप्प. शहरात एक टॉवर बंद पडला तर शेजारचा सांभाळून घेतो. आमच्यासाठी शेजारचा नाहीच.

याच ठिकाणी मला अभ्यासक्रमाबद्दल बोलायचं आहे. सेल्युलरची मूळ कल्पना गर्दीवर उपाय म्हणून आली. डिसेंबर १९४७ मध्ये बेल लॅब्सच्या डग्लस रिंग यांनी षटकोनी सेलची मांडणी लिहून काढली: लहरींचे पट्टे मोजके, माणसं फार, तेव्हा मुलूख लहान तुकड्यांत वाटा आणि तेच पट्टे लांबच्या तुकड्यात पुन्हा वापरा. आपल्या पेपरात येणारं सातच्या क्लस्टरचं, म्हणजे सात सेलांच्या गटाचं, गणित इथून आलं. पट्टा पुन्हा वापरायचा तर दोन सेलांतलं अंतर सेलच्या त्रिज्येच्या ४.६ पट. हे सगळं सुंदर आहे आणि शिकायलाच हवं. पण आमच्या तालुक्यात पट्टे कमी पडत नाहीत, टॉवर कमी पडतात. एका युनिटभर आम्ही सेल लहान कसा करायचा ते शिकलो, आणि घरचा प्रश्न होता सेल मोठा कसा करायचा. मोठ्या सेलवर एक पूर्ण युनिट हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. विदर्भातल्या कॉलेजात तर हवंच.

गर्दी आमच्याकडे अजिबात होत नाही असं नाही. पोळ्याच्या संध्याकाळी सगळं गाव एकाच वेळी पुण्या-मुंबईकडे गेलेल्या पोरांना फोन लावतं. डेन्मार्कच्या एरलांगनी टेलिफोन एक्सचेंजसाठी १९१७ साली दिलेलं सूत्र इथं लागू पडतं. २जी सेलमध्ये बोलण्याचे १४ चॅनल असले आणि शंभरातले दोन कॉल अडले तरी चालतील म्हटलं, तर त्या सेलला ८.२ एरलांग, म्हणजे सरासरी एका वेळी ८.२ कॉल, झेपतात. गर्दीच्या तासात प्रत्येकजण दीड मिनिट बोलला तर सव्वातीनशे माणसं. तीन मिनिटं बोलला तर निम्मी. पोळ्याला तीन मिनिटांत कोणाचं भागतं?

व्हायव्हाला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं की ५जीमध्ये गावांसाठी काय आहे. हे मी वाचून ठेवलं होतं. ५जीच्या जागतिक कसोट्या ठरत होत्या तेव्हा ग्रामीण भागासाठी दोन टॉवरमधलं अंतर १,७३२ मीटर धरलेलं होतं. भारतानं मांडलं की आमच्याकडे ते परवडणार नाही, ६ किलोमीटर अंतराचीही कसोटी ठेवा. कमी वेग, मोठा सेल अशी ती मांडणी, आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेनं ती घेतली. सहा किलोमीटर हा आकडा मी त्यांना सांगितला तेव्हा आमच्या नकाशावर टॉवरपासून गावापर्यंतचं अंतरही तेवढंच होतं. सरांनी नकाशा जवळ ओढून घेतला आणि उरलेला वेळ टेकडीबद्दलच विचारत राहिले.

रिपोर्ट जमा झाल्यावर नकाशाची एक प्रत ग्रामपंचायतीला दिली. तिथं पहिला प्रश्न आला, इंटरनेटवर बूस्टर मिळतो तो बसवू का? मी ठामपणे नाही म्हटलं. परवाना नसलेला बूस्टर ठेवणं कायद्यानं गुन्हा आहे. शिवाय तो टॉवरच्या कानात गोंगाट ओततो. आपल्या घरात चार दांड्या येतात आणि पूर्ण सेलमधल्या काठावरच्या माणसांचे कॉल तुटतात. त्याऐवजी सोपी गोष्ट हाताशी होती. पंचायतीत फायबर आलेलं आहे. वायफाय कॉलिंग चालणारा फोन असेल तर त्या वायफायवरून नेहमीच्या नंबरवरून कॉल लागतो, ओटीपीही बहुतेक वेळा येतो, टॉवरच्या रेंजची गरजच पडत नाही. ते सेटिंग अनेकांच्या फोनमध्ये होतंच, बंद पडलेलं. आम्ही तिघींनी पाराजवळ बसून ज्याचा त्याचा फोन घेऊन सुरू करून दिलं. लाइन असेपर्यंत तरी आता पंचायतीच्या ओट्यावर काम होतं.

काही जणांनी टॉवरच्या किरणांची काळजी बोलून दाखवली. त्यांना आकडे सांगितले. भारतात सप्टेंबर २०१२ पासूनची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे, ९०० मेगाहर्ट्झला दर चौरस मीटरला ०.४५ वॉट. आणि टॉवर जवळ असला की आपल्या खिशातला फोन हळू बोलतो, हेही सांगितलं. एका आजींनी तो मुद्दा दोनदा समजून घेतला.

पंचायतीचा खरा प्रश्न वेगळा होता: नवीन काय मागायचं? ७०० मेगाहर्ट्झबद्दल त्यांनी बातम्यांत ऐकलं होतं, की ते लांब जातं. मी त्याच टेकडीवर ७०० चा हिशेब मांडला. मोकळ्या मुलखात साधारण २ डीबी वाचतात, टेकडीवर वाकताना आणखी एक. एकूण तीन. ताकद दुप्पट होईल, उणे ११२ चं उणे १०९. पाराच्या टोकाऐवजी पूर्ण पारावर रेंज येईल इतकाच फरक. याउलट टेकडीच्या माथ्यावर एक लहान साइट आली तर टेकडीचे तेवीस डीबी जातातच, शिवाय अंतर सहाऐवजी एक किलोमीटर होतं, आणि पलीकडच्या उतारावरच्या दोन वाड्याही झोतात येतात. मोठ्या टॉवरची गरज नाही, कमी उंचीचा मनोरा, सोलर पॅनल आणि पुसद रस्त्याच्या टॉवरकडे तोंड केलेलं मायक्रोवेव्हचं एक भांडं पुरेल, कारण माथ्यावरून तो टॉवर डोळ्यांना दिसतो.

ग्रामसभेनं तसा ठराव केला आणि आमचा नकाशा, दोन्ही हिशेब त्याला जोडले. जागा वनखात्याची आहे, त्यामुळे आधी तिथली परवानगी लागेल; अर्ज त्या टप्प्यावर आहे. अर्जासाठी माथ्यावरच्या नेमक्या जागेचे अक्षांश-रेखांश हवे होते, ते घ्यायला काकाजी आमच्यासोबत वर आले. माथ्यावर फोननं उणे ७८ दाखवलं. काकाजींनी माझ्या हातातून फोन घेतला, आकडा वाचला, आणि तिथूनच पुण्याच्या मुलाला कॉल लावला.